परदेशातली गाडी विकून परतताना: नंबरप्लेट कुणाची आणि विमा बंद कधी करायचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं आणि अमेरिकेतल्या मराठी घरांत 'परत जायचं का' हा विषय पुन्हा निघाला. ज्यांची नोकरी गेली त्यांना तर फार विचार करायलाही वेळ नसतो. एच-१बीवर असलेल्या माणसाला नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा, नाहीतर देश सोडायचा. घराचा करार मोडणं, मुलांचे शाळेचे दाखले, सामान पाठवणं या धांदलीत गाडी हमखास शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. गिऱ्हाईक मिळतं, पैसे खात्यात येतात, किल्ली हातात दिली जाते आणि माणूस विमानात बसतो.

गाडी गेली तरी सरकारच्या आणि विमा कंपनीच्या नोंदीत तुमचं नाव तसंच असू शकतं. दोन-तीन महिन्यांनी पुण्या-नाशिकच्या पत्त्यावर, किंवा जुन्या घरमालकाच्या हाती, टोलचं बिल किंवा 'विनाविमा गाडी' अशी नोटीस पडते. तोवर गाडी कुठे आहे, कोण चालवतंय, याचा तुम्हाला पत्ता नसतो. हे टाळणं अवघड नाही. मात्र त्यासाठी प्लेट कुणाच्या मालकीची आणि विमा कुणाला चिकटलेला, या दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. दोन्हींची उत्तरं देशागणिक बदलतात, अमेरिकेत तर राज्यागणिक.

आपली सवय कुठून येते

भारतात क्रमांक गाडीचा असतो. एमएच १२ ची गाडी चार हातांतून गेली तरी तिच्यावर तोच क्रमांक राहतो. विम्याचंही साधारण तसंच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५७ नुसार गाडी विकली की विम्याचं प्रमाणपत्र नव्या मालकाच्या नावे गेलं असं कायदा मानतो. विकणाऱ्याने करायचं ते एवढंच: फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आणि आरटीओला सूचना. प्रत्यक्षात तेही बरेच जण एजंटवर सोपवून मोकळे होतात.

ती सवय भारतातही महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका प्रकरणात निकाल दिला. त्यातली गाडी एकापाठोपाठ एक अनेकांना विकली गेली होती, अपघाताच्या वेळी तिला विमा नव्हता, आणि आरटीओच्या दप्तरी नाव मात्र पहिल्याच मालकाचं होतं. भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर आली. म्हणजे गाडी हातातून जाणं आणि नोंदीतून नाव जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडेही खरं आहे. परदेशात फरक इतकाच की तिथे नोंदीतून नाव काढायची पद्धत वेगळी आहे, आणि ती करून देणारा एजंट नसतो.

प्लेट गाडीची की माणसाची?

अमेरिकेत गाडीच्या तीन नोंदी असतात. पहिली 'टायटल', म्हणजे मालकीचा दाखला. दुसरी नोंदणी, तिची दिसणारी खूण म्हणजे प्लेट. तिसरी विमा. तिन्ही वेगवेगळ्या राहतात आणि एक बंद केली म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही.

मोबाइल विकताना आपण सिम काढून घेतो आणि हँडसेट देतो. न्यूयॉर्कची प्लेट त्या सिमसारखी आहे: ती तुमच्या नावावर दिलेली असते, गाडी विकताना ती काढून घ्यायचीच. कॅलिफोर्नियाची साधी प्लेट हँडसेटवर छापलेल्या क्रमांकासारखी आहे, ती गाडीबरोबर जाते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, इलिनॉय ही पहिल्या गटातली राज्यं. न्यू जर्सीतून कॅलिफोर्नियात गेलेला मित्र 'प्लेट राहू दे रे, काही होत नाही' असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, त्याच्या राज्याचा नियम सांगत असतो. म्हणून सल्ला मित्राचा घ्या, पण नियम स्वतःच्या राज्याच्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर वाचा.

न्यूयॉर्कने १९०१ मध्ये गाड्यांवर खूण लावणं सक्तीचं केलं तेव्हा सरकार प्लेट देतही नव्हतं. मालकाने आपल्या नावाची आद्याक्षरं स्वतःच गाडीवर लावायची होती. प्लेट म्हणजे मालकाची ओळख, ही कल्पना तिथे इतकी जुनी आहे.

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी: आधी प्लेट, मग विमा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

समजा, न्यूयॉर्क शहरात, क्वीन्समध्ये राहणाऱ्या एका जोडप्याने शनिवारी गाडी विकली. बुधवारचं विमान आहे. गाडी गेली, आता हप्ता कशाला भरायचा म्हणून रविवारी मोबाइलवरून विमा रद्द केला. प्लेट मात्र काढून घेतल्या होत्या, त्या आठवण म्हणून सुटकेसमध्ये टाकल्या. त्यांच्या मते सगळं चोख झालं.

आता सरकारी बाजूने बघा. न्यूयॉर्कमध्ये विमा कंपन्या पॉलिसी सुरू झाल्याची आणि संपल्याची माहिती परिवहन खात्याला संगणकावरून कळवतात. खात्याचा संगणक ती नोंदणीशी ताडून बघतो. त्याला दिसतं ते असं: या नावावर एक प्लेट चालू आहे आणि तिच्यामागे विमा नाही. गाडी विकली गेली हे त्याला माहीत नसतं, कारण प्लेट परत आलेली नाही. त्याच्या लेखी ही विनाविमा गाडी झाली. पहिले ३० दिवस रोज ८ डॉलर, पुढचे ३० दिवस रोज १० डॉलर, त्यापुढचे ३० दिवस रोज १२ डॉलर असा दंड चढतो. ९० दिवसांचे एकूण ९०० डॉलर होतात. ९० दिवसांपुढे प्रकरण गेलं की पैसे भरून सुटायची सोय संपते आणि ड्रायव्हिंग लायसन्सही निलंबित होतं.

'आपण तर कायमचे चाललो, लायसन्सचं काय करायचं?' असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्यातले कितीतरी जण पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीतर्फे परत जातात, कुणाची मुलगी तिथे शिकत असते. निलंबनाची जुनी नोंद असेल तर लायसन्स आणि विम्याचा हप्ता, दोन्हीकडे त्रास होतो. एका पावतीसाठी ही जोखीम का घ्यायची?

योग्य क्रम असा. गिऱ्हाईक येण्याच्या आदल्या दिवशी स्क्रू सैल होतात का बघा. बर्फात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ते गंजलेले असतात आणि ऐन वेळी फिरत नाहीत. टायटलवर सह्या झाल्या, पैसे खात्यात दिसले की पुढची-मागची दोन्ही प्लेट काढा. न्यूयॉर्कमध्ये काचेवर आतून नोंदणीचं स्टिकर असतं, तेही ब्लेडने खरवडून काढा. दोन्ही प्लेट परिवहन कार्यालयाच्या काउंटरवर जमा करा. तिथे एफएस-६टी नावाची पावती मिळते. तिच्यावरचा प्लेट क्रमांक तिथल्या तिथे तपासून घ्या आणि फोटो काढा. मगच विमा कंपनीला फोन करा आणि पावतीवरच्या तारखेपासून विमा बंद करायला सांगा.

प्लेट टपालानेही पाठवता येतात, त्यासाठी पीडी-७ हा अर्ज जोडावा लागतो. पण मग पावतीही टपालाने येते, आणि शेवटच्या आठवड्यात तुमचा पत्ताच चालू नसतो. माझ्या मते परतणाऱ्या माणसाने काउंटरवर जाऊनच हे काम करावं, तासभर रांगेत गेला तरी चालेल.

न्यू जर्सीतही प्लेट काढून मोटार वाहन आयोगाकडे जमा करायच्या आणि पावती घेतल्यावरच विमा थांबवायचा. फ्लोरिडा, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना इथेही हाच क्रम आहे. एडिसन असो की शार्लट, सुटकेसमधली प्लेट ही आठवण नव्हे, न फिटलेली जबाबदारी आहे.

कॅलिफोर्निया आणि टेक्सास: इथे महत्त्वाचं ते कळवणं

फ्रीमॉन्ट किंवा सॅन होजेमध्ये गाडी विकलीत तर प्लेट गाडीवरच राहते. मालकाने जास्तीचे पैसे भरून घेतलेली खास अक्षरांची प्लेट मात्र मालकाची असते, ती काढून घ्यायची. साध्या प्लेटच्या बाबतीत धोका उलटा आहे: गाडी कुणीतरी चालवत असतो आणि तिच्यावरचा क्रमांक अजून तुमच्या नावाशी जोडलेला असतो. पार्किंगचा दंड असो की पुलावरचा टोल, आधी तुमचंच नाव निघतं.

यावर उपाय म्हणजे 'जबाबदारी सुटल्याची सूचना'. विक्रीनंतर ५ दिवसांच्या आत ती परिवहन खात्याला द्यायची असते. ऑनलाइन काही मिनिटांत होते. प्लेट क्रमांक, गाडीच्या चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, विक्रीची तारीख आणि मीटरचं वाचन एवढंच लागतं. घेणाऱ्याला गाडी नावावर करायला १० दिवस असतात, आणि तो ते वेळेत करेलच याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही. म्हणून ही सूचना त्याच्यावर सोपवू नका. किल्ली देण्याआधी, त्याच्यासमोरच, फोनवर भरून टाका. त्याच्या लायसन्सवरचा पत्ता बघून भरता येतो. शेवटी येणारं पुष्टीचं पान जपून ठेवा.

टेक्सासमध्ये एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकताना प्लेट काढून घ्यावी आणि ३० दिवसांत हस्तांतराची सूचना ऑनलाइन द्यावी असं सांगितलं जातं. तिथे एक ताजा बदल झाला आहे. कागदी तात्पुरत्या प्लेटचा इतका गैरवापर झाला की १ जुलै २०२५ पासून त्या बंद करून धातूच्या प्लेट आणल्या, आणि डीलरला गाडी दिली तर साधी प्लेट आता गाडीवरच राहते. फ्रिस्को-प्लेनोमध्ये दोन वर्षांपूर्वी गाडी विकलेल्या ओळखीच्यांचा अनुभव म्हणूनच आज जसाच्या तसा लागू पडणार नाही.

'विमा गाडीबरोबर जात नाही का?'

अमेरिकेत जात नाही. तिथे पॉलिसी हा कंपनी आणि तुम्ही यांच्यातला करार आहे. घेणाऱ्याने स्वतःचा विमा स्वतः काढायचा. 'महिनाभर तुमचाच विमा राहू द्या, मी पैसे देतो' असं कुणी गोड बोलून सुचवलं तर स्वच्छ नाही म्हणा. गाडी तुमची नाही, चालवणारा तुमच्या घरातला नाही, आणि अपघात झाला तर कंपनी भरपाई नाकारायला मोकळी.

मग विक्रीनंतर प्लेट जमा होईपर्यंतचे दोन-तीन दिवस विमा चालू ठेवून उपयोग काय? उपयोग दोन. एक, वर सांगितलेला दंड लागत नाही. दुसरा, नोंदीत तुमचं नाव असताना काही घडलं आणि कुणी तुमच्यावर दावा ठोकला तर निदान विचारायला कंपनी असते. इतक्या दिवसांच्या हप्त्याची रक्कम एका जेवणाच्या बिलापेक्षा फार मोठी नसते.

आगाऊ भरलेल्या हप्त्यातले उरलेल्या दिवसांचे पैसे सहसा परत मिळतात, काही कंपन्या थोडी रक्कम कापून घेतात. इथे बरेच जण एक आडवाट धरतात: बँकेतून हप्ता जाणं नुसतं थांबवायचं, म्हणजे पॉलिसी आपोआप बंद पडेल. तसं करू नका. न भरल्यामुळे बंद झालेली पॉलिसी आणि तुम्ही सांगून बंद केलेली पॉलिसी या विमा कंपन्यांच्या नोंदीत अगदी वेगळ्या दिसतात. लेखी रद्द करा, तारीख लिहून द्या, रद्द झाल्याचं पत्र ईमेलवर मागून घ्या. त्याच वेळी 'इतकी वर्षं विमा होता आणि क्लेम नाही' असंही पत्र मागा. दुसऱ्या देशात गाडी घेताना ते दाखवून हप्त्यात सूट मागता येते.

'प्लेट काढली तर गिऱ्हाईक गाडी घरी कशी नेणार?'

हा प्रश्न प्रत्येक घेणारा विचारतो, आणि आपल्या माणसाला त्याची कीव येते. पण त्यासाठी रीतसर सोयी आहेत. न्यूयॉर्कमध्ये गाडी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यापुरता तात्पुरता परवाना मिळतो. घेणाऱ्याने आधी विमा काढून, टायटल घेऊन परिवहन कार्यालय गाठलं तर तो नवी प्लेट घेऊनच येऊ शकतो. गाडी टो करून नेणं हा शेवटचा मार्ग. सगळ्यात सोपं म्हणजे कामाच्या दिवशी, कार्यालयाजवळच व्यवहार करा. तुमची प्लेट जमा आणि त्याची नोंदणी एकाच फेरीत होते.

जर्मनी: विमा गाडीला चिकटलेला

पुण्याच्या वाहन उद्योगातून म्युनिक-श्टुटगार्टकडे गेलेल्यांना अमेरिकेचे हे नियम सांगून उपयोग नाही, कारण तिथे गणित उलटं आहे. जर्मन विमा करार कायद्यानुसार गाडी विकली की तिचा विमाही घेणाऱ्याकडे जातो. तो चालू विम्यात तुमची जागा घेतो. नको असेल तर त्याला महिन्याभरात तो करार मोडता येतो. त्याने स्वतःचा विमा काढून गाडी नावावर केली की जुना करार संपतो.

ऐकायला हे सोयीचं वाटतं. पण त्याने गाडी नावावर केलीच नाही तर? नोंदणी कार्यालयात विक्रीची सूचना पोचेपर्यंत वाहन कर तुमच्याच नावाने आकारला जातो, आणि चालू मुदतीच्या हप्त्यासाठी विमा कंपनी तुम्हा दोघांनाही धरू शकते. म्हणून गाडी नोंदणी चालू ठेवून विकायची असेल तर करारात हस्तांतराची तारीख आणि वेळ, अगदी मिनिटापर्यंत, लिहायची आणि त्याच दिवशी नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी दोघांना कळवायचं.

देश सोडून जाणाऱ्याने या वाटेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. आधी नोंदणी रद्द करा, मग गाडी द्या. नोंदणी रद्द करायला प्लेट आणि नोंदणीपत्राचा पहिला भाग लागतो. जर्मन प्लेटवर राज्याचं एक छोटं गोल शिक्क्याचं स्टिकर असतं. कार्यालयात ते खरवडून टाकतात, आणि त्या क्षणी ती प्लेट नुसता पत्रा होते. घरबसल्या करायचं असेल तर ते स्टिकर तुम्हीच खरवडायचं: खाली एक गुप्त संकेत निघतो. नोंदणीपत्रावरही असाच झाकलेला संकेत असतो. दोन्ही संकेतस्थळावर भरले की काम झालं. एकदा खरवडलं की ते परत चिकटत नाही, त्यामुळे गाडी आणखी चालवायची असेल तर घाई करू नका. कार्यालयात नोंदणी रद्द केली तर त्याच दिवशी गाडी घरी आणण्यापुरती चालवता येते, दुसऱ्या दिवसापासून ती सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही.

जर्मनीत एक मोठी सोय आहे: नोंदणी रद्द झाल्याचं नोंदणी कार्यालयच विमा कंपनीला आणि कर गोळा करणाऱ्या सीमाशुल्क खात्याला कळवतं. न्यूयॉर्कमध्ये एकेका खिडकीवर तुम्ही जायचं ते काम इथे एका खिडकीवर होतं. उरलेला कर खात्यावर परत येतो.

आता ज्या गिऱ्हाइकापासून सावध राहायचं त्याच्याविषयी. जुनी गाडी उभी असली की काचेच्या फटीत 'तुमची गाडी घेतो' अशी कार्डं खोचलेली दिसतात. यातले अनेक खरेदीदार गाड्या देशाबाहेर नेतात, त्यात गैर काही नाही. पण काही जण म्हणतात, 'प्लेट राहू द्या, सीमेपलीकडे गेलो की टपालाने पाठवतो.' प्लेट आली नाही तर ती गाडी कुठल्यातरी देशात तुमच्या नोंदणीवर आणि तुमच्या नावच्या विम्यावर फिरत राहते. निर्यातीसाठी जर्मनीत वेगळी प्लेट मिळते. तिच्या उजव्या कडेला लाल पट्टा आणि त्यावर मुदत संपण्याची तारीख असते, आणि तिचा विमा वेगळा काढावा लागतो. देशातल्या देशात गाडी हलवायची तर पिवळ्या पट्ट्याची पाच दिवसांची प्लेट असते. दोन्ही घेणाऱ्याने, स्वतःच्या नावाने काढायच्या.

ब्रिटन आणि दुबई

ब्रिटनमध्ये क्रमांक गाडीबरोबर जातो, विमा जात नाही, आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून वाहन करही जात नाही. डीव्हीएलए या खात्याला ऑनलाइन कळवलं की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा कर आपोआप परत येतो. घेणाऱ्याला नोंदणी पुस्तिकेतली हिरवी चिठ्ठी द्यायची. विमा मात्र ही सूचना दिल्यावरच बंद करा, कारण गाडी तुमच्या नावावर असताना विमा नसेल तर ती दारात उभी असली तरी दंड होतो.

दुबईत व्यवहार केंद्रावरच होतो. थकलेले दंड भरल्याशिवाय आणि घेणाऱ्याच्या नावे नवा विमा दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, त्यामुळे मागे घोळ राहायची शक्यता कमी. फक्त टोलचं 'सालिक' खातं तेवढं आठवणीने बंद करा.

'गाडी मित्राकडे ठेवून गेलो तर? नंतर तो विकेल'

घाईत सुचणारा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि मैत्री टिकवायची असेल तर यापासून लांब राहा. न्यूयॉर्कच्या कायद्यात, मालकाच्या परवानगीने जो कुणी गाडी चालवतो त्याच्या निष्काळजीपणाची जबाबदारी मालकावरही येते. तुम्ही ठाण्यात आणि गाडी अल्बनीत असली तरी मालक तुम्हीच. शिवाय गाडी कुठे उभी असते आणि नेहमी कोण चालवतं ही माहिती विमा कंपनीला खरी द्यावी लागते. ती बदलली आणि सांगितली नाही तर ऐन वेळी विमा उपयोगी पडत नाही.

टायटलच्या मागे कोरी सही करून मित्राकडे ठेवणं तर त्याहून वाईट. तो कागद ज्याच्या हाती पडेल त्याला वाटेल ते नाव भरता येतं. खरंच इलाज नसेल तर निघण्यापूर्वी गाडीपुरतं मुखत्यारपत्र करून द्या. परिवहन खात्यांचे त्यासाठी स्वतःचे नमुने असतात, कॅलिफोर्नियाचा रेग २६० हा त्यातलाच. हे अमेरिकेत असतानाच करा. भारतात आल्यावर अमेरिकेत चालेल अशी नोटरी मिळवायला वकिलातीची वेळ घेणं, किंवा इथल्या नोटरीवर अपोस्टील, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का, मिळवणं असे हेलपाटे पडतात. जिथे प्लेट जमा करायची असते अशा राज्यात ती मात्र मित्राकडे ठेवू नका, जमा करूनच जा. गाडी त्याच्या अंगणात नुसती उभी राहील.

आणखी एक अडचण ऐन वेळी कळते. गाडीवर कर्ज असेल तर टायटलवर बँकेचा बोजा असतो. शेवटचा हप्ता भरल्यावर बोजा उतरलेलं टायटल हाती यायला काही आठवडे जाऊ शकतात. ६० दिवसांचं घड्याळ सुरू झालं असेल तर बाकी काही ठरायच्या आधी बँकेला फोन करा.

'गाडीच भारतात नेली तर?'

अमेरिकेतली किंवा जर्मनीतली गाडी नेता येत नाही. वापरलेली गाडी आयात करायची तर भारताच्या नियमानुसार तिचं सुकाणू उजवीकडे हवं आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. ब्रिटनमधली गाडी या अटीत बसू शकते, पण आयात शुल्क इतकं जबर असतं की हौस असेल तरच.

टोलचं खातं आणि बँकेचं खातं

टोलच्या खात्यात गाडीचा क्रमांक स्वतंत्रपणे नोंदलेला असतो. काचेवरचा टॅग काढून घेतला म्हणजे झालं असं समजू नका. कॅलिफोर्नियाच्या फासट्रॅकमध्ये क्रमांक तसाच राहिला तर नवा मालक पुलावरून जाईल आणि पैसे तुमच्या कार्डावरून वळते होतील, कारण कॅमेरा प्लेटचा फोटो काढून खातं शोधतो. ईझी-पास असो की फासट्रॅक, आधी खात्यातून गाडी काढा, मग टॅग परत करा किंवा खातं बंद करा.

बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. विम्याचा परतावा, जर्मनीतला कर, टोल खात्यातली शिल्लक हे सगळं गाडी गेल्यानंतर काही आठवड्यांत जमा होतं. काही कंपन्या अजूनही चेक टपालाने पाठवतात, तेव्हा रद्द करतानाच तिथल्या एखाद्या नातेवाइकाचा पत्ता देऊन ठेवा. विक्रीचा करार, प्लेट जमा केल्याची पावती, सूचनेचं पुष्टीपत्र आणि विमा रद्द झाल्याचं पत्र यांच्या प्रती ईमेलवर एकत्र ठेवा. नोटीस आलीच तर तिला उत्तर द्यायची मुदत असते, आणि बहुतेक वेळा पावतीची प्रत जोडून पाठवलेलं एक पत्र तेवढ्यावर प्रकरण मिटवतं.